पाल्याच्या हातातला फोन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलांच्या मोबाईलविषयी आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. पहिल्या दोन उत्तरांना जागा जास्त दिली आहे, कारण तिथे पहिल्या काही तासांत केलेली चूक नंतर सुधारता येत नाही.

माझी मुलगी नववीत आहे. इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या एकाने तिच्या साध्या फोटोवरून नग्न फोटो बनवला. आता ‘आणखी फोटो पाठव, नाहीतर हा वर्गाच्या ग्रुपवर टाकतो’ अशी धमकी देतोय. तिने रडत रडत मला सांगितलं. त्याला लगेच ब्लॉक करू का? पोलिसांत गेलो तर तिचं नाव बाहेर येईल अशी भीती वाटते. – एक आई, सातारा

ताई, ब्लॉक करायचंच आहे, पण पुरावा हाती आल्यावर. आधीच ब्लॉक केलं की समोरचा नाव बदलतो किंवा खातं बंद करतो आणि पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. तोवर त्याला उत्तर नको, पैसे नकोत, ‘प्लीज डिलीट कर’ अशी विनवणीही नको. एकदा पैसे किंवा दुसरा फोटो मिळाला, की इथे दाब दिला तर चालतं हे त्याला कळतं आणि मागणी वाढते.

पुरावा असा घ्या. त्याचं युजरनेम अक्षरन्‌अक्षर उतरवून घ्या. एक टिंब चुकलं तरी भलत्याच माणसाचं खातं निघतं. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे घ्या. मेसेज आपोआप गायब होणाऱ्या प्रकारात असतील, तर स्क्रीनशॉट काढल्याची सूचना समोरच्याला जाऊ शकते, म्हणून दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर त्याचा नंबर लिहून घ्या आणि चॅट एक्स्पोर्ट करा. तिथे रिपोर्ट करताना चॅट पुसण्याचाही पर्याय सोबत येतो. त्यावरची खूण न काढता पुढे गेल्यामुळे पुरावा गेला, असं घडतं.

त्या नग्न फोटोची मात्र नवी प्रत काढू नका. ‘पुरावा’ म्हणून मामाला, काकाला, बाईंना पाठवू नका. ज्या फोनमध्ये तो आला आहे तो फोन आहे तसा ठेवा, फॉर्मॅट करू नका.

मग तक्रार. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि बालकांवरील गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते, पण निनावी तक्रारीचा पुढचा मागोवा तुम्हाला घेता येत नाही, त्यामुळे नाव देऊन केलेली बरी. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तरच ते गोठवता येतात. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा संदर्भ क्रमांक) हाताशी ठेवा. शिवाय पोलीस ठाण्यात जा. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं कुणी म्हटलं, तर झिरो एफआयआर म्हणून, म्हणजे हद्द न बघता, नोंदवा असं सांगा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे.

नाव बाहेर येण्याची भीती अगदी खरी आहे, आणि मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने (२०१२) तिचा विचार केला आहे. कलम २३ नुसार मुलीचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर, म्हणजे ओळख पटेल असं काहीही माध्यमांना छापता येत नाही. कलम २४ नुसार तिचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. ही कलमं कागदावर लिहून सोबत न्या आणि गरज पडली तर शांतपणे दाखवा.

फोटो पसरू नये यासाठी ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे. अमेरिकेतली बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणारी संस्था ती चालवते. फोटो कुठेही अपलोड होत नाही. मुलीच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट यांसारख्या सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारा फोटो अडवतात. तिची मर्यादाही समजून घ्या: व्हॉट्सॲपवरचे चॅट कंपनीलाही वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे हा ठसा चालत नाही.

हे सगळं झालं की रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा.

राहता राहिली मुलगी. तिचा फोन आत्ता काढून घेऊ नका. तिने येऊन सांगितलं आणि शिक्षा तिलाच झाली, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही. धमकावणारा नेमका याच भरवशावर असतो. काही रात्री तिच्याच खोलीत झोपा. जेवण सुटलं, शाळेत जायला नको म्हणू लागली, ‘मला नकोसं झालंय’ असं काही बोलली, तर १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत नंबरवर दिवसरात्र केव्हाही बोलता येतं.

आठवीच्या मुलांच्या ग्रुपवर आमच्याच एका विद्यार्थिनीचा अश्लील व्हिडिओ फिरतो आहे. वर्गशिक्षकांनी तो पुरावा म्हणून मला पाठवला. दोन्हीकडच्या पालकांना बोलावून शाळेतच मिटवावं, असं संस्थाचालकांचं म्हणणं आहे. – मुख्याध्यापक, जि. लातूर

सर, हे शाळेत मिटवण्याच्या पलीकडे गेलेलं आहे. पोक्सोच्या कलम १९ नुसार, गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ लागतं. संस्थेच्या प्रमुखाला आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, इतरांना सहा महिन्यांपर्यंत. मुलीचे पालक ‘नको’ म्हणाले तरी हे कर्तव्य संपत नाही. शाळेची बदनामी हे तर कायद्यात कुठेच कारण नाही.

शिक्षकांनी व्हिडिओ तुम्हाला पाठवला ती चूक होती, हेतू चांगला असला तरी. लहान मुलाचं असं चित्रण पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली येतं, पहिल्या वेळीच पाच वर्षांपर्यंत कैद. आणि नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे आजच पोलिसांना कळवा आणि तो व्हिडिओ तुमच्या फोनवर कसा आला, कुणी, किती वाजता पाठवला, हे पहिल्याच अर्जात लिहा. पुढे त्या प्रतीचं काय करायचं हे पोलीस सांगतील तसं करा. व्हॉट्सॲपचं मीडिया आपोआप डाऊनलोड होणं आणि गॅलरीचा क्लाउड बॅकअप लगेच बंद करा. नाहीतर आणखी एक प्रत तुमच्या गुगल फोटोजमध्ये जाऊन बसते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

अर्जात एवढं असू द्या: ग्रुपचं नाव, ॲडमिनचा नंबर, पहिला मेसेज कुणाच्या नंबरवरून आला, वेळ, कुणी पुढे पाठवला ते. व्हिडिओत काय आहे याचं वर्णन एका ओळीपुरतं. मुलांचे फोन शिक्षकांनी उघडून तपासू नयेत. तपासताना पुरावा पुसला जातो आणि तो व्हिडिओ आणखी चार जण बघतात. फोन पालकांसमोर फ्लाइट मोडवर टाकून पालकांच्याच ताब्यात द्या.

मुलीला एकटीला सगळ्यांसमोर कार्यालयात बोलावू नका. वर्गात शिपाई पाठवून नाव पुकारलं, की मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेला कळलेलं असतं. तिचा विश्वास असलेल्या बाईंनी एरवीसारखं बोलता बोलता बाजूला घ्यावं आणि एकदाच ऐकून घ्यावं, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असणं अपेक्षित आहे. ती फक्त फलकावर असेल तर आज बैठक घ्या. पाठवणारी मुलंही अठराच्या आतलीच असतील, तर त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. त्यांना वर्गासमोर उभं करून झोडपणं किंवा परस्पर दाखला हातात देणं हा तुमचा अधिकार नाही.

मुलगी ११ वर्षांची. ‘वर्गात सगळ्यांचं इन्स्टा आहे’ म्हणून हट्ट करते. जन्मसाल खोटं टाकून उघडून द्यावं का? – एक बाबा, ठाणे

नको. किमान वय १३ आहे, पण त्याहून मोठा मुद्दा वेगळा आहे. खोटं साल टाकताना बहुतेक पालक चाकं फिरवत कुठेतरी २००० च्या आसपास थांबतात. ॲपच्या लेखी मुलगी मग पंचविशीची बाई होते. किशोरवयीन खात्यांना मिळणारं संरक्षण, म्हणजे खातं आपोआप खासगी, अनोळखी माणसाचे मेसेज बंद, रात्री १० ते सकाळी ७ सूचना शांत, यातलं काहीच तिला लागू होत नाही. आधीच असं खातं उघडलेलं असेल तर ते बंद करा. मूल १३ पूर्ण असेल तर अकाउंट्स सेंटरमध्ये वैयक्तिक तपशिलात जाऊन खरी जन्मतारीख टाका.

घरात एकच फोन. आम्ही दोघं शेतावर, संध्याकाळी तिसरीतला मुलगा अभ्यासाचे व्हिडिओ बघतो आणि मधेच नको ते लागतं. फॅमिली लिंक टाकू का? – एक आई, ता. बार्शी

फॅमिली लिंक हे गुगलचं पालक-नियंत्रणाचं ॲप मुलाच्या स्वतंत्र फोनसाठी आहे. सामाईक फोनवर ते टाकायला गेलात तर तुमचाच फोन अडकतो. तुमच्याकडे ‘नको ते’ लागतं, कारण यूट्यूब दिवसभर मोठ्या माणसांनी बघितलेल्यावरून पुढचं सुचवतं. एकाच खात्यावर सगळे बघत असतील तर हे थांबणार नाही.

मुलासाठी यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप घ्या. प्रोफाइल बनवताना ‘मी स्वतः मंजूर केलेलंच दाखवा’ असा पर्याय येतो, तो निवडा आणि गुरुजींनी सांगितलेली चार-पाच चॅनेल मंजूर करा. पालकांच्या सेटिंगमध्ये जाताना ते ॲप एक गुणाकार विचारतं. पाढे पाठ असलेला मुलगा तो सहज सोडवतो! म्हणून गुणाकाराऐवजी स्वतःचा चार आकडी पासकोड ठेवा.

त्यानंतर फोनच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली ‘ॲप पिनिंग’ चालू करा (काही फोनवर ‘स्क्रीन पिनिंग’ म्हणतात) आणि ‘पिन काढताना कोड विचारा’ यावर खूण करा. यूट्यूब किड्स उघडून ते पिन केलं, की त्याला दुसऱ्या ॲपवर जाताच येत नाही. फोनचा लॉक कोड त्याच्यासमोर टाकू नका, एवढं पाळलं तर हे टिकतं.

नऊ वर्षांच्या मुलाने गेममध्ये साडेसहा हजार उडवले. त्याला यूपीआय पिन माहीत नाही, मग पैसे गेले कसे? – एक वाचक, नाशिक

तीन वाटा असतात. यूपीआय लाइट चालू असेल तर एका वेळी १००० रुपयांपर्यंत पिन लागतच नाही. गेमला किंवा प्ले स्टोअरला ऑटोपेची परवानगी दिलेली असेल तर तीही पिनशिवाय कापते. तिसरी वाट म्हणजे प्ले स्टोअरमध्ये जोडलेलं कार्ड. बँकेचे मेसेज क्रमाने बघा. अनेक छोट्या रकमा असतील तर बहुधा लाइट.

खरेदी प्ले स्टोअरमधून झाली असेल तर ऑर्डर हिस्टरीत जाऊन ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करा आणि मुलाने परवानगीशिवाय केलं असं कारण निवडा. त्यानंतर गुगल सहसा गेम बनवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवतं. पैसे स्टोअरबाहेर, कुणा ‘स्वस्तात डायमंड’ देणाऱ्याच्या यूपीआयवर गेले असतील, तर ती फसवणूक आहे. १९३० लावा. पुढे असं होऊ नये म्हणून प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी चालू करा, ऑटोपेच्या यादीतलं नको ते रद्द करा आणि मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर लाइट बंद ठेवा.

शाळा प्रत्येक स्पर्धेचे फोटो नाव, इयत्ता, तुकडीसह फेसबुकवर टाकते. हरकत घ्यावी का? – एक पालक, पुणे

जरूर घ्या, लेखी घ्या. चेहरा, पूर्ण नाव, शाळा आणि तुकडी एकत्र मिळाली, की गेटवर येऊन ‘मी तुझ्या बाबांचा मित्र’ म्हणणाऱ्याचं निम्मं काम होतं. गटाचा फोटो चालेल, नावं नकोत.

ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करायचं ठरवलं आहे. उपयोग होईल का? – ग्रामपंचायत सदस्य, जि. बुलढाणा

पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने २०२२ साली असा ठराव केला होता. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांची सोशल मीडिया खाती बंद करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. दोन्हींत फरक आहे: तिथे दंड कंपनीला, इथे धाक मुलाला. धाकाने फोन सुटत नाही, तो लपून वापरला जातो, आणि लपून वापरणारं मूल अडचणीत आलं तर सांगायला येत नाही. २०२४ च्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणी अहवालानुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी त्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला होता, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. बंदीत हे ५७ टक्केही बुडतात.

आमचं मत मोहित्यांचे वडगावच्या बाजूने आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं हे गाव. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि टीव्ही, मोबाईल दीड तास बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा. बंद सगळ्यांचे होतात, आईबापांचेही, हे त्यातलं खरं बळ. तुमच्या ठरावात ‘१८ वर्षांखालील’ हे शब्द खोडून ‘घरातील सर्व’ असे घाला, वेळ मुलांच्या परीक्षा आणि गोठ्यातल्या धारा बघून ठरवा, आणि पहिले काही आठवडे सदस्यांनी, शिक्षकांनी, अंगणवाडी सेविकांनी घरोघर फिरून आठवण करावी. दंड ठेवू नका. तातडीचा फोन घ्यायला परवानगी असू द्या, नाहीतर दवाखान्याच्या पहिल्याच प्रसंगाला ठराव मोडेल.