८० हजारांच्या नव्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक हिरवा ठिपका दिसतोय, बदलून मिळेल का?

मिळेल, पण घाई करा भाऊ. आधी पूर्ण स्क्रीनवर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे प्लेन रंग लावून बघा. काळ्यावर हिरवा चमकत असेल तर तो अडकलेला सबपिक्सेल (स्क्रीनच्या एका बारीक बिंदूतला, म्हणजे पिक्सेलमधला, लाल-हिरवा-निळा यांपैकी एक भाग), कधीकधी आपोआप सुटतो पण, आणि सगळ्या रंगांवर काळाच दिसला तर पिक्सेल मेला समजा, तो काही परत येत नाही.

फुल एचडी पॅनलमध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल अन् प्रत्येकाचे तीन सबपिक्सेल, म्हणजे ६२ लाखांच्या वर, त्यामुळे बऱ्याच कंपन्या एखाद-दोन ठिपके चालतात असं पॉलिसीतच लिहून ठेवतात. मला विचाराल तर एवढे पैसे मोजल्यावर एकपण का चालवून घ्यायचा?

वॉरंटीत सर्व्हिस सेंटरवाला हीच पॉलिसी दाखवेल, म्हणून रिटर्नची मुदत आहे तोवरच बदलून घ्या. जळगावात गोलाणी मार्केटमधून घेतला असेल तर बिल अन् फोटो घेऊन आजच दुकानात जा, "नंतर या भो" म्हटलं तरी हलू नका. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

कोपऱ्यातला पांढुरका उजेड मात्र मान हलवली की कमीजास्त होत असेल तर तो आयपीएस ग्लो, म्हणजे आयपीएस प्रकारच्या स्क्रीनचा स्वभावच, त्यावर भांडू नका.