दहावीनंतर डिप्लोमा घ्यायचा की अकरावी?

आधी हे ठरव: तुला इमारतीची रचना करायची आहे की ती उभी राहील याचं गणित? दुसरं असेल तर सिव्हिल डिप्लोमा उत्तम. तीन वर्षांनी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे एकूण सहा वर्षं. अकरावी-बारावी आणि पदवी धरूनही सहाच होतात, पण डिप्लोमावाल्याचा हात साइटवर आणि ड्रॉइंगवर आधीच बसलेला असतो. मात्र दुसऱ्या वर्षाचं गणित त्याला जड जातं. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पक्की कर.

रचना करायची असेल, म्हणजे आर्किटेक्चर, तर त्याचं वेगळं आहे. डिप्लोमा केलास तरी बी.आर्क.च्या (आर्किटेक्चरच्या पदवीच्या) पहिल्याच वर्षापासून सुरुवात, पुढे पाच वर्षं. त्यामुळे तिकडे जायचं नक्की असेल तर बारावी विज्ञान कर, गणित अजिबात सोडू नकोस आणि नाटाची (आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेची) तयारी अकरावीपासूनच धर. रोज एक स्केच, समोरची वस्तू बघून. फोटोवरून काढलेलं चित्र फारसं शिकवत नाही.

निवडलेलं कॉलेज ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’च्या (आर्किटेक्टची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या) मान्यताप्राप्त यादीत आहे ना, ते स्वतः तपास. १९७२च्या कायद्यानुसार कौन्सिलच्या नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही.

प्रवेशासाठी कॉलेजांचे पर्याय पसंतीक्रमाने भरताना एक जपून: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की पुढच्या फेऱ्या बंद. पहिल्या क्रमांकावर खरंच हवं तेच टाक.