एसी घेण्याआधी गच्ची बघा

सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचा विचार आहे? मग सांगतो: दीड टनी एसीची घाई करू नका. विदर्भाच्या उन्हात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खोलीत सोडतो. रात्री अकरा वाजता छताला हात लावून बघा, लगेच कळेल.

आधी गच्चीच्या भेगा बुजवा, वॉटरप्रूफिंग नीट करून घ्या. मग फेब्रुवारीत पांढरा कूल रूफ रंग (ऊन परतवणारा गच्चीचा रंग) द्या, दोन हात. बजेट कमी असेल तर चुना लावा. तो पावसात धुऊन जातो, दरवर्षी लावावा लागतो, पण गुण येतो. मी पहिल्या वर्षी धुळीवरच रंग मारला आणि जूनमध्ये पापुद्रे निघाले. गच्ची घासून धुणं अजिबात टाळू नका. सोसायटीची लेखी परवानगीही आधीच घ्या.

पश्चिमेच्या खिडकीला ऊन बाहेरूनच अडवा. वाळ्याच्या ताट्या किंवा बांबूच्या काड्यांचा पडदा, म्हणजे चिक, चालेल. आतला पडदा तापतो आणि उष्णता आतच राहते.

पंखे मात्र आजच बदला. जुना पंखा सत्तर-ऐंशी वॅट खातो, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा पंखा) साधारण तीस.

एवढं झाल्यावर एक उन्हाळा काढा, मग एसीचं ठरवा.