फोन येत नाही तेव्हा घरात काय चाललेलं असतं

‘ताई, तो बरा असेल ना?’

अमेरिकेच्या नौदलात भरती झालेल्या मुलामुलींचे आईवडील माझ्याकडे आले, की पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. शिकागोच्या उत्तरेकडच्या उपनगरांत मी कुटुंबांसाठी समुपदेशन करते. मिशिगन सरोवराच्या काठावरचं ग्रेट लेक्स इथून जवळ आहे. १९११ पासून तिथे नौदलाचं प्रशिक्षण केंद्र चालू आहे, आणि ऑरलँडो व सॅन डिएगोची केंद्रं १९९०च्या दशकात बंद झाल्यापासून नौदलात खलाशी म्हणून भरती होणारं प्रत्येक पोर याच दारातून आत जातं. भरती व्हायला नागरिकत्वच लागतं असं नाही, ग्रीन कार्डही चालतं. त्यामुळे या प्रश्नाबरोबर माझ्याकडे येणाऱ्यांत आता आपली मराठी घरंही असतात.

त्यांतल्या एका घराची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावंही देत नाही. आई, बाबा, आजी आणि धाकटी, एवढं पुरे.

आई पहिल्यांदा एकट्याच आल्या. एकोणीस वर्षांचा मुलगा, कॉलेजचं एक वर्ष करून सोडलेलं, नौदलात जाऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. पोचल्याच्या रात्री एक फोन आला होता, मिनिटभराचाही नसेल. ‘मी सुखरूप पोचलोय. पत्ता पत्रानं कळेल.’ कागदावरचं वाचून दाखवावं तसा आवाज. (तो खरोखरच वाचून दाखवलेला असतो. सगळ्यांना तेच मोजके शब्द दिलेले असतात.) मग त्याच्या अंगावरचे कपडे खोक्यात भरून घरी आले. आणि नंतर काहीच नाही. आई फोन उशाशी ठेवून सोफ्यावर झोपायला लागल्या होत्या. आंघोळीला जाताना धाकटीच्या हातात फोन देऊन जात. मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं बंद केलं होतं, कारण तिथे हॉलमध्ये रेंज नीट मिळत नाही.

‘बाबा काय म्हणतात?’ मी विचारलं.

‘ते ठीक आहेत. त्यांना फारसं काही वाटत नाही.’

मी ज्या पद्धतीनं काम करायला शिकले आणि ज्या पद्धतीवर माझा विश्वास आहे, तिच्यात एकट्या माणसाची चिंता असं काही नसतं. चिंता घराची असते, आणि घर ती कुणाच्या तरी डोक्यावर ठेवून देतं, बहुतेक वेळा आईच्या. म्हणून ‘त्यांना काही वाटत नाही’ असं ऐकलं, की मी त्या माणसाला बोलावून घेते.

त्याआधी आईंच्या हातात काहीतरी ठोस द्यायला हवं होतं. ज्यांच्या घरातलं कुणी आत्ता तिथे आहे, त्यांच्यासाठी ते इथेही सांगते.

फोन न येणं ही तिथली रीत आहे, ती बातमी नाही. फोन कधी द्यायचा हे प्रशिक्षक ठरवतात आणि ते आधी कळत नाही. काही गंभीर झालं तर नौदल स्वतःहून घरी कळवतं. उलट घरात काही गंभीर घडलं, कुणी अत्यवस्थ झालं किंवा गेलं, तर अमेरिकन रेड क्रॉसला कळवायचं. ते रुग्णालयाकडून खात्री करून घेऊन निरोप थेट वरिष्ठांपर्यंत पोचवतात. त्यासाठी मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आणि ‘शिप’ व डिव्हिजनचा क्रमांक लागतो. ‘शिप’ म्हणजे राहण्याची इमारत, तिथे इमारतींनाही जहाजंच म्हणतात. डिव्हिजन म्हणजे एकत्र प्रशिक्षण घेणारी तुकडी. पत्त्याचं पत्र आलं की हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा. रेड क्रॉसचा निरोप गेला म्हणजे रजा मिळेलच असं नाही, तो निर्णय वरिष्ठांचा असतो.

खायचं काही पाठवू नका. आईंनी बेसनाचे लाडू वळून डबा भरून ठेवला होता. असं पार्सल मुलाच्या तोंडात पडत नाही, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष मात्र जातं, आणि पहिल्या आठवड्यांत तिथल्या कुठल्याच पोराला ते नको असतं. साधं पांढरं पाकीट, आत साधं पत्र. प्रत्येक पत्रावर तारीख आणि क्रमांक घाला, कारण पत्रं मागेपुढे पोचतात.

आणि मुलाचं पहिलं पत्र वाईट असतं. हे मी ठासून सांगते. ‘माझं चुकलं, मला इथून बाहेर काढा’ असं लिहिलेली कितीतरी पत्रं आईवडिलांनी माझ्यासमोर उलगडली आहेत. बहुधा ती पहिल्या-दुसऱ्या रविवारी लिहिलेली असतात. तोवर झोप तुटलेली, डोकं भादरलेलं, सगळे ओरडतायत, आणि लिहायला मिळालेली पहिलीच निवांत घटका. ते पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत आठ-दहा दिवस उलटलेले असतात. तुम्ही ज्या मुलासाठी रडताय तो पुढे गेलेला असतो. पोहण्याची चाचणी, आग विझवण्याचा सराव, अश्रुधुराची खोली यांतलं काहीतरी त्यानं पार केलेलं असतं. तुम्ही लगेच घाबरून उत्तर लिहिलंत, तर ते त्याला आणखी आठवड्यानं मिळतं आणि विसरत आलेलं दुखणं पुन्हा हातात येतं. म्हणून उत्तर लिहा, पण एक रात्र जाऊ दे.

यांच्या मुलाचंही तसंच पत्र आलं. पुढच्या भेटीला बाबा आले ते त्या पत्रामुळे.

बाबा शांत, मुद्देसूद. आयटीत मोठ्या जागेवर. त्यांनी मला जीआय बिल, म्हणजे सैन्यात सेवा केलेल्यांना शिक्षणाचा खर्च देणारी सरकारी योजना, समजावून सांगितलं: तीन वर्षं सेवा झाली की छत्तीस महिन्यांचं शिक्षण, सरकारी विद्यापीठाची फी पूर्ण. ‘म्हणजे मॅडम, डिग्री होणारच आहे. फक्त क्रम बदलला.’ माहिती बरोबर होती. पण आई म्हणाल्या, ‘हे सगळ्यांना हेच सांगतात. ऑफिसात, मंडळात, भारतात फोनवर. मुलगा काय करतो विचारलं, की आधी जीआय बिल.’ बाबा गप्प झाले. मग म्हणाले, ‘लोक विचारतात, इंजिनिअरिंगला कुठे मिळालं. इंजिनरूममध्ये मेकॅनिक होणार आहे, असं कसं सांगू?’

ही लाज आपल्या घरांमध्ये फार असते आणि ती उघडपणे बोलली जात नाही. ‘नौदलात आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला अधिकारी वाटतो, आणि तो समज आपण दुरुस्त करत नाही. मी या लाजेवर कुणाला उपदेश करत नाही. ती बाहेर येऊ देते, कारण आत राहिली की ती काळजीचं रूप घेऊन हिंडते.

पण अजून काहीतरी अडलं होतं. मी विचारलं, ‘आत्ता फोन वाजला, तर तुम्ही काय बोलाल?’ आईंकडे यादीच होती: जेवलास का, पाय दुखतात का, खोलीतली मुलं बरी आहेत ना. बाबांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘मी तिच्याकडेच देईन फोन.’

घरात आणखी कोण कोण वाट पाहतंय, असं विचारल्यावर मिरजेच्या आजींचं नाव निघालं. बाबांची आई. वय झालंय, काळजी करेल, म्हणून तिला ‘ट्रेनिंगला गेलाय’ एवढंच सांगितलेलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी त्यांना व्हिडिओ कॉलवर घेऊ. दोघांनाही ते पटलं नव्हतं. पण तीन पिढ्या एकत्र बसवल्याशिवाय घराचं चित्र मला पुरं वाटत नाही, आणि या आग्रहानं मला आजवर चांगलीच साथ दिली आहे.

आजी पदर सावरून स्क्रीनसमोर बसल्या. आईंनी त्या पहिल्या फोनचं सांगितलं. सुखरूप पोचलोय, पत्ता पत्रानं कळेल, आणि ठेवला.

आजी मुलाकडे बघून म्हणाल्या, ‘तू काय वेगळं बोलला होतास रे?’

बाबा बघतच राहिले.

‘तू अमेरिकेला गेलास तेव्हा आपल्याकडे फोन नव्हता. खालच्या बिऱ्हाडात यायचा. मी जिना उतरेपर्यंत निम्मा वेळ संपलेला. “आई, पोचलो. बरा आहे. पत्र टाकतो.” ठेवलास. पत्र आलं वीस दिवसांनी.’

आईंनी विचारलं, ‘मग तुम्ही कसे काढलेत ते दिवस?’

‘मला जड गेले, पण गेले. जायच्या आदल्या रात्री हा माझ्याजवळ बसून बोलला होता. तुझ्या सासऱ्यांचं तसं नव्हतं. इथली चांगली नोकरी सोडून चाललाय म्हणून ते याच्याशी बोलतच नव्हते. स्टेशनवर सुद्धा आले नाहीत. मग रोज दुपारी दारात खुर्ची टाकून बसायचे. पोस्टमनची वाट बघता का विचारलं, तर म्हणायचे, वारा खातोय.’

मी काहीही बोलले नाही. अशा वेळी न बोलणं हे माझ्या कामातलं सगळ्यांत अवघड कौशल्य आहे असं मी मानते.

बाबा म्हणाले, ‘हे तू मला कधी सांगितलं नाहीस.’

‘तू विचारलं नाहीस.’

मग बाबांनी सांगितलं. मुलाला भरती कार्यालयापाशी सोडायला दोघं पहाटे गेले होते. आई खाली उतरल्या, मिठी मारली, रडल्या. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून गाडीतच बसून राहिले. मुलगा खिडकीशी आला. बाबांनी काच खाली केली आणि म्हणाले, ‘पेपर्स घेतलेस ना सगळे?’

‘मी उतरलो नाही, मॅडम.’ हे एकच वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. आईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आठवड्यांनंतर पहिल्यांदा त्या खोलीत आईंच्या हातातला फोन पर्समध्ये गेला.

त्या दिवशी जे मला लख्ख दिसलं, ते तेव्हापासून प्रत्येक घरात शोधते. ‘तो सहन करेल ना’ हा प्रश्न ज्या घरात थांबता थांबत नाही, तिथे बहुतेक वेळा कुणाचा तरी निरोप अर्धा राहिलेला असतो. सगळ्यांत जास्त बोलणारा माणूस तो नसतो. आई दिवसरात्र फोनची राखण करत होत्या, त्यात निम्मी वाट बाबांच्या वाट्याची होती. मिनेसोटाच्या कुटुंबविषयक संशोधक पॉलिन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना मांडलं, की माणूस असतो पण हाताशी नसतो, तेव्हा घरच्यांना धड दुःखही करता येत नाही आणि सुटकाही होत नाही. बूटकॅम्प, म्हणजे भरतीनंतरचं हे पहिलं प्रशिक्षण, त्या मानानं खूपच छोटी गोष्ट आहे, मुलगा परत येणार आहे. पण ही अधांतरी अवस्था तीच असते, आणि तिच्यात जुनी अर्धी वाक्यं वर येतात.

अर्धा निरोप पत्रानं पुरा करता येतो. मात्र त्यात काळजी घ्यावी लागते. बाबांनी पहिल्यांदा चार पानं लिहिली: स्वतःचं बालपण, वडिलांचा अबोला, माफी, पुन्हा माफी. मी ते पत्र त्यांच्याजवळच ठेवायला सांगितलं. जो मुलगा पहाटे उठून रात्रीपर्यंत धावतोय, त्याला बापाचं मन सांभाळायचं काम देऊ नये. त्यांनी पाठवलं ते पाच ओळींचं होतं. मी त्या दिवशी गाडीतून उतरायला हवं होतं. तू निवडलेलं काम कष्टाचं आहे आणि ते तू स्वतः निवडलंस, याचं मला कौतुक आहे. तुझ्या सायकलच्या चेनला तेल घातलंय. प्रशिक्षण संपल्यावरच्या संचलनाला मी येणार आहे. बाबा.

मुलाच्या उत्तरात त्यातल्या कशाचाही उल्लेख नव्हता. स्टॅम्प पाठवा, पोहण्यात पास झालो, धाकटीला माझा हेडफोन वापरू दे. बाबा हिरमुसले. मी त्यांना पाकीट उलटून पाहायला सांगितलं. आधीची पत्रं फक्त आईंच्या नावानं होती, या पाकिटावर बाबांचं नाव आधी होतं. एकोणीस वर्षांची मुलं असंच उत्तर देतात, आणि ते पुरेसं मानावं.

त्यानंतर आमच्या भेटी हलक्या झाल्या. आई पुन्हा आपल्या पलंगावर झोपू लागल्या. धाकटीकडे कुणाचं लक्ष नव्हतं हेही तेव्हाच ध्यानात आलं. दादाची कचरा बाहेर ठेवायची पाळी ती न सांगता करत होती आणि रात्री त्याच्या खोलीत जाऊन अभ्यास करत होती. तिला स्वतःचं वेगळं पत्र लिहायला सांगितलं, आईबाबांनी न वाचता पाकीट बंद करायचं या अटीवर. ज्या घरात धाकटी भावंडं आहेत, तिथे हे जरूर करा.

एक धक्का मात्र बसलाच. नडगीच्या दुखण्यामुळे मुलाला मागच्या डिव्हिजनमध्ये टाकलं आणि संचलनाची तारीख दोन आठवडे पुढे गेली. असं अनेकांचं होतं, ती नापासाची शिक्षा नसते. तेव्हा प्रशिक्षण दहा आठवड्यांचं होतं, २०२५ पासून ते नऊ आठवड्यांचं झालं आहे, पण तारीख सरकण्याची शक्यता आजही धरून चालावं. विमानाचं तिकीट काढायचं तर बदलता येईल असंच काढा.

शेवटी अखेरच्या परीक्षेची रात्र येते. इमारतीच्या आत उभारलेली, यूएसएस ट्रेयर नावाची २१० फुटी विनाशिकेची प्रतिकृती आहे. तिच्यावर बारा तास आग, पाणी, जखमी यांच्याशी झुंजायचं. सकाळी ‘रिक्रूट’ लिहिलेली टोपी काढून ‘नेव्ही’ लिहिलेली मिळते, आणि मग घरी फोन. त्या दिवशी फोन बाबांनी उचलला, आईंकडे दिला नाही. काय बोलले ते मी विचारलं नाही.

संचलनाच्या दिवसाबद्दल एक विनंती. नंतर मुलाला थोड्या तासांची मोकळीक मिळते. त्या वेळेत नातेवाईक, मित्र, तीन घरची जेवणं कोंबू नका. तो भराभर जेवेल, घड्याळ बघेल, बोलता बोलता झोपेल. त्याला झोपू द्या. यांचा मुलगा हॉटेलच्या पलंगावर दोन तास झोपला. आईंनी तेव्हा कुठे लाडवांचा डबा उघडून ठेवला, आणि आजींना मिरजेला व्हिडिओ कॉल लागला तो तो उठल्यावरच.

तिथून मुलं आपापल्या कामाच्या शाळेत जातात, कुणी पेन्साकोलाला, कुणी सॅन डिएगोला. यांच्या मुलाची शाळा ग्रेट लेक्समध्येच, रस्त्याच्या पलीकडे होती. तिथे फोन हातात असतो, तरी रोज येईल असं धरू नका. आठवड्यातला एक वार मुलालाच ठरवू द्या आणि उरलेल्या दिवशी आपण फोन करू नका. यांच्या घरी रविवार ठरला, आणि फोन आधी कुणी घ्यायचा याची पाळी धाकटीनं लावून दिली.