सात वर्षांची हद्दपारी म्हणजे प्रत्यक्षात काय? न्यू साऊथ वेल्समधला आयरिश कैदी

तुमचे प्रश्न दोन आहेत: सात वर्षांची हद्दपारी (गुन्ह्यासाठी समुद्रापार पाठवण्याची शिक्षा) झालेल्या आयरिश माणसाला न्यू साऊथ वेल्समध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत, कोठडीत ठेवायचे का, आणि मुदत संपल्यावर तो घरी परतायचा का. दोन्हींचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘नाही’ असंच आहे, पण कारणं वेगवेगळी आहेत.

काळं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंदमानचं सेल्युलर जेल येतं. ते चित्र आधी बाजूला ठेवा. सिडनीत उतरवलेल्या कैद्याला बहुधा एखाद्या जमीनदाराकडे बिनपगारी गडी म्हणून लावून देत. भिंतींची गरजच नव्हती, कारण एका बाजूला समुद्र आणि बाकी सगळीकडे अनोळखी रान. नोव्हेंबर १७९१ मध्ये ‘क्वीन’ जहाजातले वीस पुरुष आणि एक गरोदर बाई चीनला चालत जायला निघाले. उत्तरेला एक नदी ओलांडली की चीन लागतो, अशी त्यांची समजूत होती. याला हसणारे तेव्हाही होते. पण ज्यांनी आयुष्यात नकाशा पाहिला नव्हता, त्यांना आपण कुठे आहोत हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मुदत मोजली जायची ती शिक्षा सुनावल्याच्या तारखेपासून. म्हणजे कॉर्क किंवा डब्लिनच्या बंदराजवळ जहाजाची वाट पाहण्यात गेलेले महिने आणि साधारण चार महिन्यांचा प्रवास हे सगळं सात वर्षांतच धरलं जाई. ‘क्वीन’ हे आयर्लंडहून थेट आलेलं पहिलं जहाज. त्यातल्या कैद्यांचे मुदतीचे कागद जहाजाबरोबर आलेच नाहीत, त्यामुळे सात वर्षं भरल्यावरही ती भरली हे सिद्ध करता येईना. या एका गोष्टीने आयरिश कैद्यांचा जितका छळ झाला, तितका क्वचितच दुसऱ्या कशाने झाला असेल.

पुढे नोंदी चोख झाल्या. १८३० च्या आसपासच्या कैद्यांच्या यादीत वय, धर्म, लिहिता-वाचता येतं का, लग्न, मुलं, गाव, धंदा, गुन्हा, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, सगळं सापडतं. एकाच नावाची माणसं इतकी असत की प्रत्येक कागदावर नावापुढे जहाजाचं नाव लिहीत. म्हणून कोणाचा माग काढायचा असेल तर आधी जहाज शोधा, नाव नंतर.

मालकाने काय द्यायचं, हे १८३१ च्या नियमांत ठरलेलं होतं. आठवड्याला १२ पौंड गहू (सुमारे साडेपाच किलो) किंवा ९ पौंड पीठ, ७ पौंड गोमांस किंवा मटण, नाहीतर साडेचार पौंड खारवलेलं डुकराचं मांस, शिवाय २ औंस मीठ आणि २ औंस साबण. वर्षाला दोन जाकिटं, तीन सदरे, दोन विजारी, तीन जोड बूट, एक टोपी. घोंगडी आणि गादी वापरायला मिळे, पण मालकी मालकाचीच. चहा, साखर आणि तंबाखू देणं बंधनकारक नव्हतं. मालक त्याच गोष्टी हातात ठेवून काम काढून घेई.

मालकाला स्वतः फटके मारण्याचा अधिकार नव्हता. कैद्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागे. अडचण अशी की तो मॅजिस्ट्रेट बरेचदा शेजारचाच जमीनदार असे. कैद्यालाही तक्रार करता यायची, पण ती खोटी ठरवली की शिक्षा त्यालाच. १८३२ मध्ये गव्हर्नर बर्क (हे स्वतः डब्लिनचे) यांच्या काळात एकट्या मॅजिस्ट्रेटला पन्नासच्या वर फटके देता येणार नाहीत, असा कायदा झाला. जमीनदारांनी त्यावर मोठी ओरड केली.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद: ‘तिकीट ऑफ लीव्ह’, म्हणजे मुदत संपण्याआधीच स्वतःसाठी मजुरी करण्याचा परवाना. सात वर्षांच्या कैद्याला एकाच मालकाकडे चार वर्षं नीट काढली तर तो मिळे, दोन मालक झाले तर पाच वर्षांनी. जन्मठेपेला हेच आकडे आठ आणि दहा. हिशेब करून पाहा. शिक्षा मार्च १८३० ची, कामाला लागला जानेवारी १८३१ मध्ये. एकच मालक असेल तर जानेवारी १८३५ ला तिकीट, आणि मार्च १८३७ ला मुदत संपेपर्यंत दोन वर्षं स्वतःच्या मजुरीची. मालक एकदा बदलला की त्यातलं एक वर्ष गेलं. म्हणून वाईट मालकाकडेही लोक दात-ओठ खात टिकून राहात. तिकीटही एका जिल्ह्यापुरतंच असे. परवान्याशिवाय हद्द ओलांडली तर ते रद्द होऊन माणूस पुन्हा गडी.

बायकांची गोष्ट निराळी होती. त्यांना घरकामाला देत किंवा सिडनीजवळच्या पॅरामॅटाच्या ‘फीमेल फॅक्टरी’त, म्हणजे स्त्री-कैद्यांच्या कारखान्यात, सूत काढायला बसवत. लग्नाला गव्हर्नरची परवानगी लागे.

मुदत भरल्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम’ (सुटकेचा दाखला) मिळे आणि कायद्याने घरी जायची मोकळीक असे. पण सरकार परतीचं भाडं देत नव्हतं. एवढी रक्कम शेतमजुराने साठवायची कधी? खलाशाचं काम करत जाणं तरण्या पुरुषाला जमायचं, बाईला तेही नाही. जन्मठेपेच्या कैद्याला सशर्त माफी मिळाली तरी आयर्लंडला परतण्याची बंदी कायम राही.

त्यापेक्षा बायका-मुलांना इकडे आणणं जास्त शक्य होतं. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला त्यांच्यासाठी सरकारी खर्चाने प्रवासाचा अर्ज करता येई. त्यात बायकोचं नाव आणि राहण्याचं ठिकाण अचूक लागे. अर्ज मंजूर झालेली कुटुंबं बरेचदा कॉर्कहून निघणाऱ्या स्त्री-कैद्यांच्या जहाजातून येत. कागद जायला चार महिने, माणसं यायला चार महिने आणि मधली चौकशी वेगळी, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी वर्ष तर जाणारच. तेवढ्यात बायको घर सोडून दुसरीकडे गेली, तर पत्ता चुकला आणि अर्ज पहिल्यापासून.