न्यायाधीशपदी की न्यायाधीशपदासाठी?

प्रश्न असा : अमेरिकेतले फेडरल न्यायाधीश श्री श्रीनिवासन यांचा परिचय मराठीत लिहायचा आहे. '२०१२ मध्ये ओबामांनी त्यांना नॉमिनेट केले' या वाक्यात कोणता शब्द घालावा : नियुक्त, नामनिर्देशित, मनोनीत की नामांकित?

आधी एक बारीक सूचना. या नावातला 'श्री' म्हणजे आपला आदरार्थी श्री नव्हे, ते श्रीकांतचे लघुरूप आहे. मुद्रितशोधक त्याच्यापुढे हमखास टिंब देतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

'नियुक्त' सरळ चुकीचा आहे, पण तो सुचतो कसा ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे इंग्रजीतल्या 'नॉमिनेटेड' आमदाराला मराठीत 'राज्यपालनियुक्त आमदार' म्हणतात आणि ते बरोबरच आहे, कारण राज्यपालांची सही झाली की पुढे कुणाला काही विचारायचे उरत नाही. महापालिकेतला 'स्वीकृत नगरसेवक' तसाच. राज्यसभेतले बारा नामनिर्देशित सदस्यही त्याच पंक्तीतले. म्हणजे 'नामनिर्देशित' हा शब्द कोशात कितीही निर्दोष असला, तरी मराठी वाचकाला तो 'काम झाले' असेच सांगतो. उलट, नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावे राजभवनावर पाठवली आणि ती तिथेच पडून राहिली, तेव्हा त्या मंडळींना आमदार कुणी म्हटले नाही. अमेरिकेतला 'नॉमिनी' या अवस्थेतला असतो.

तिथल्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात दोन वेगळी क्रियापदे आहेत. राष्ट्राध्यक्ष आधी नाव सुचवतात आणि सिनेटचा, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा, सल्ला व संमती मिळाल्यावर नेमणूक करतात. मधल्या काळात काय काय घडू शकते, ते श्रीनिवासन यांच्याच कारकिर्दीत दिसते. जन्म चंदीगडचा, वाढले कॅन्ससमध्ये, शिक्षण स्टॅनफर्डला. ओबामांनी ११ जून २०१२ रोजी त्यांचे नाव वॉशिंग्टनच्या डी. सी. सर्किट अपील न्यायालयासाठी पाठवले. सिनेटचे अधिवेशन संपले आणि जानेवारी २०१३ मध्ये नाव परत आले. ते लगेच पुन्हा पाठवावे लागले. या सगळ्या काळात ते सरकारी वकीलच होते. २७ मार्च २०१३ रोजी, म्हणजे नाव सिनेटपुढे असतानाच, समलिंगी विवाहासंबंधीच्या विंडसर खटल्यात ते सर्वोच्च न्यायालयापुढे सरकारतर्फे उभे राहिले. तुमच्या वाक्यात 'नियुक्त' घातले, तर एक न्यायाधीश दुसऱ्या न्यायाधीशांसमोर वकिली करतोय असा चमत्कारिक अर्थ निघेल! २३ मे २०१३ रोजी सिनेटने ९७ विरुद्ध ० मतांनी संमती दिली, तेव्हा कुठे नेमणुकीची वाट मोकळी झाली.

नाव पुढे जाऊनही नेमणूक न झाल्याचे ठळक उदाहरण त्याच न्यायालयातले आहे. तिथले तेव्हाचे मुख्य न्यायाधीश मेरिक गार्लंड यांचे नाव मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आले. सिनेटने सुनावणीसुद्धा घेतली नाही आणि जानेवारी २०१७ मध्ये ते आपोआप बाद झाले.

राहिले दोन शब्द. 'मनोनीत' हिंदीत रुळलेला आहे, मराठीत उपरा वाटतो. 'नामांकन' पुरस्कारांमुळे आपल्याकडे आले आणि त्यात 'अजून मिळालेले नाही' हा भाव पक्का आहे, म्हणून नाम म्हणून ते चालेल. पण त्याचे विशेषण करायला जाल तर फसाल. मराठीत 'नामांकित वकील' म्हणजे नावाजलेला वकील. श्रीनिवासन तेही होतेच, पण सांगायचे ते नव्हते.

माझे मत विचाराल तर जड शब्द सोडाच. 'ओबामांनी त्यांचे नाव न्यायाधीशपदासाठी सुचवले' हे पुरेसे आहे. खरा फरक विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययातच होतो : 'न्यायाधीशपदी' म्हटले की माणूस खुर्चीत बसला, 'न्यायाधीशपदासाठी' म्हटले की अजून दाराशी आहे. 'शिफारस केली' मात्र इथे नको. अनेकदा सिनेटर किंवा इतर कुणी राष्ट्राध्यक्षांकडे नाव सुचवतात, त्या आधीच्या पायरीला तो शब्द राखून ठेवावा.

सिनेटच्या संमतीला बातम्यांत 'शिक्कामोर्तब' म्हणतात. अलंकारिक म्हणून ठीक. पण मराठी कागदांत शिक्का माथ्यावर आणि मोर्तब शेवटी, 'मर्यादेयं विराजते' म्हणत, कागद पुरा झाल्याची खूण म्हणून यायचे. तिथला कागद पुरा होतो तो राष्ट्राध्यक्षांनी नेमणुकीच्या सनदेवर सही करून मोहोर उठल्यावर. १८०३ च्या मार्बरी खटल्यात वाद नेमका याचाच होता : सही झाली, मोहोर उठली, पण सनद माणसाच्या हाती पडलीच नाही. न्यायालय म्हणाले, राष्ट्राध्यक्षांची सही झाली तिथेच नेमणूक झाली आणि मोहोर उठली तिथे सनद पुरी झाली. गंमत म्हणजे ती मोहोर परराष्ट्रमंत्री या नात्याने उठवणारे जॉन मार्शल हेच निकाल देणारे सरन्यायाधीश होते.

जाता जाता : परिचयात पुढे ते न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचे 'क्लर्क' होते असे येईल. तिथे कृपा करून 'कारकून' लिहू नका. कायद्याचे शिक्षण पुरे केलेल्या हुशार तरुणांना न्यायमूर्ती संशोधनासाठी आणि मसुद्यांसाठी मदतीला घेतात, ते हे काम. 'विधी सहायक' लिहा.