सलग पडत्या बाजारात ट्रेडरच्या डोक्यात दिवसभर काय चालतं?

बाजार रोज पडत असताना ट्रेडर काय विचार करतो, त्याला भीती वाटत नाही का, असं तुम्ही विचारलंय. वाटते. मी सांगलीत घरूनच ट्रेडिंग करतो, पंधरा वर्षं झाली. ऑक्टोबर 2024 ते फेब्रुवारी 2025 हे पाच महिने रोज स्क्रीनसमोर काढलेत, त्यावरून सांगतो.

27 सप्टेंबर 2024 ला निफ्टीने 26,277 चा उच्चांक केला आणि तिथून सलग पाच महिने घसरण. 1996 नंतर असं पहिल्यांदाच झालं. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 पॉइंट पडला तेव्हा विचार करायला सवडच मिळाली नव्हती. इथं मात्र रोज थोडं थोडं, मधेच एखादी उसळी, की वाटायचं लागला तळ. मला हे पाच महिने जास्त जड गेले.

सकाळी चहाच्या आधी गिफ्ट निफ्टी बघायचा, आपला बाजार कसा उघडेल याचा अंदाज त्यावरून येतो. नऊ वाजता प्री-ओपन, म्हणजे बाजार उघडण्याआधीचं भाव ठरवणारं सत्र, सुरू झालं की पोटात गोळा. पण साडेनऊनंतर भीती मागं पडते आणि दिवसभर एकच विचार घोळत राहतो: माझा खरेदीचा भाव परत कधी येईल? माझं नुकसान भीतीनं नाही, या विचारानं केलं.

एका मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपनीचा शेअर 840 ला घेतला होता. 760 ला तेवढाच आणखी, 690 ला पुन्हा. सरासरी 763 वर आली की वहीतला आकडा बघून बरं वाटायचं. मग 640 ला ब्रोकरच्या पैशावर, म्हणजे एमटीएफवर घेतला. 28 फेब्रुवारी, शुक्रवार. त्या दिवशी निफ्टी 420 पॉइंट पडून 22,124 वर बंद झाला. दुपारी मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवावी लागणारी माझी रक्कम, कमी पडल्याचा मेसेज आला. बायकोनं वाढून ठेवलेल्या आमटीवर तेलाचा तवंग धरला तरी मी उठलो नव्हतो. मुलीच्या फीचे पैसे वेगळ्या खात्यात होते. ते वळते करायला रक्कमही टाकून झाली होती.

बोट तिथंच थांबलं, कारण वडील आठवले. ते मार्केट यार्डात हळदीचे खरेदीदार. तेजीत भरलेली राजापुरी हळद मंदीत विकायची पाळी त्यांच्यावर कितीदा आली. संध्याकाळी तोटा वहीत मांडायचे आणि सकाळी सौद्यात, म्हणजे लिलावात, त्या दिवसाच्या भावानंच बोली लावायचे. तुमची कालची खरेदी सौद्यात कुणी विचारत नाही. मी सगळा शेअर 575 ला विकला आणि जेवायला बसलो.

आता बाजार उघडण्याआधीच लिहून ठेवतो, कुठं अर्धा माल काढायचा आणि कुठं पूर्ण. पावसाळ्यात आम्ही सगळे सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारत असतो. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. जाणती माणसं सामान कधी हलवायचं ते पाणी लांब असतानाच ठरवतात. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं. ‘2005 ला इथवर आलं नव्हतं’ म्हणून थांबलेले अडकले. ‘मागच्या वेळी बाजार इथूनच वळला होता’ असं मनात आलं की मला तीच माणसं दिसतात.

तोटा ऑप्शनमधून भरून काढायचा विचार असेल तर कृपा करून नको. सेबीच्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनचे व्यवहार, करणाऱ्या दर 100 व्यक्तींपैकी 93 तोट्यात निघाल्या.

आणि शेअर तोट्यात विकलेच असतील तर इन्कम टॅक्स रिटर्न मुदतीत भरा. तो भांडवली तोटा पुढची 8 वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. मुदत चुकली की तो हक्क जातो.